पाणी न देणारा कॅनॉल

माझे वडील, आण्णा, निरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना सोडायचं काम. त्यांची ॲटलस सायकल अजून डोळ्यासमोर आहे. मागच्या कॅरियरला फावडं बांधलेलं, हँडलला कंदील आणि दांडीवर मी. कॅनॉलच्या भरावावरची वाट जेमतेम बैलगाडी जाईल एवढी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली ऊस. सायकल शिकलो ती त्याच वाटेवर आणि पहिल्यांदा पडलो तोही त्याच पाण्यात. पुढं त्याच खात्यात शाखा अभियंता झालो, चौतीस वर्षं मोऱ्या, चाऱ्या आणि गळती बघत काढली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुठलंही वाहतं पाणी दिसलं की मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला, पोचतं का?

म्हणून गेल्या सप्टेंबरात मेरीलँडला लेकीकडे असताना जावई म्हणाले, "बाबा, कॅनॉलच्या कडेनं तीनशे किलोमीटर सायकल चालवायची का?" तेव्हा मला त्या वाक्यातला एकच शब्द ऐकू आला. तीनशे हा आकडा रात्री अंथरुणात पडल्यावर आठवला.

कॅनॉलचं नाव चेसापीक अँड ओहायो. पोटोमॅक नदीच्या डाव्या काठानं कंबरलंड गावापासून वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपर्यंत १८४.५ मैल. काठाची जी वाट आहे तिला टोपाथ म्हणतात. पाण्यात बोट, काठावर खेचरं आणि मधे लांबलचक दोर. खेचरांनी चालायचं, बोटीनं मागून यायचं. त्या खेचरांच्या पायाखालची वाट म्हणजे टोपाथ.

लेकीनं आम्हाला गाडीनं कंबरलंडला सोडलं. आमच्या हिनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू असं सामान दिलं होतं. इतकं, की जावयांनी एक पिशवी गुपचूप गाडीतच ठेवली (ते मला चौथ्या दिवशी कळलं, लाडू संपल्यावर). सुरुवातीच्या खांबापाशी फोटो काढले आणि निघालो. दोन-तीन मैल गेल्यावर मी विचारलं, "कॅनॉल कुठंय?"

"हा काय."

डाव्या हाताला एक रुंद चर होता. त्यात माझ्या मिठीत मावणार नाहीत एवढी झाडं उभी होती. कुठं हिरवं डबकं, त्यात ओंडक्यावर ओळीनं बसलेली कासवं, कुठं नुसता पाचोळा. मी थोडा नाराजच झालो. एवढ्या लांब येऊन बंद पडलेला कॅनॉल बघायचा, तो तर आमच्याकडेही पुष्कळ दाखवता आला असता.

पण मग पहिलं लॉक आलं आणि माझी नाराजी तिथंच राहिली.

पाटाच्या पाण्याला आपण नजरेला दिसणार नाही एवढा उतार देतो आणि जमीन फार खाली गेली तर फॉल बांधून पाणी आपटून खाली सोडतो. पाण्याला काय, ते पडेल. बोटीला पाडता येत नाही, आणि वर चढवायचं असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून या लोकांनी कॅनॉल पायऱ्या-पायऱ्यांचा केला. दोन पायऱ्यांच्या मधे जवळजवळ सपाट पाणी आणि प्रत्येक पायरीला लॉक, म्हणजे शंभर फूट लांब आणि पंधरा फूट रुंद दगडी हौद, दोन्ही टोकांना लाकडी कवाडं. वरून बोट आत आली की मागची कवाडं लावायची, पुढच्या कवाडांतल्या खिडक्या उघडून हौदातलं पाणी खाली सोडायचं, बोट सात-आठ फूट खाली उतरते, पुढची कवाडं उघडायची, चला. अशी ७४ लॉकं, सगळी मिळून ६०५ फूट. कवाडांची जोडी बंद होताना सरळ रेषेत येत नाही, वरच्या पाण्याकडे टोक करून इंग्रजी व्ही अक्षरासारखी मिळते. पाण्याचा दाब जितका जास्त तितकी ती घट्ट बसतात. ना अडसर, ना मोटर. मी तिथं पाऊण तास बसलो. जावई एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

लॉकच्या दगडी कोपऱ्यांवर बोटभर खोल खाचा दिसतात. वर्षानुवर्षं ओले दोर घासून पडलेल्या. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठावर असतात तशाच. दगड त्यांचा आणि विहीर आमची, पण दोराची सही एकच.

बोट ९२ फूट लांब आणि साडेचौदा फूट रुंद असायची, म्हणजे लॉकमध्ये दोन्ही बाजूंना मिळून अर्धा फूट फट. तिच्यात सव्वाशे टनांच्या आसपास कोळसा. दोन खेचरं ओढायची आणि दोन बोटीच्या पुढच्या टोकाला केलेल्या तबेल्यात विश्रांती घ्यायची. सगळं कुटुंब बोटीवरच राहायचं आणि खेचरांमागं चालायचं काम बऱ्याचदा पोरांकडे. ही पोरं अनवाणी एवढं चालली असतील तर आपण गादी घातलेल्या सीटवर बसून कण्हू नये, असं मी पहिल्या संध्याकाळपर्यंत स्वतःला सांगत होतो. दुसऱ्या दिवसापासून उघड कण्हायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉ पॉचा बोगदा. नदी इथं नागमोडी वळणं घेते. ती सहा मैल टाळायची म्हणून डोंगरातून ३,११८ फूट आरपार काढलेला. आत दिवे नाहीत. सायकलवरून उतरून, डोक्याला दिवा लावून ढकलत जायचं. डाव्या हाताला कठडा, त्यापलीकडे काळं पाणी, वरून टप टप. मधोमध पोचल्यावर पुढचं तोंड नाण्याएवढं दिसतं, मागचंही तेवढंच. विटांच्या अस्तराला हात लावून बघितला. साठ लाख विटा आहेत म्हणे. एकही दरज हातभर सुटलेली दिसली नाही, आणि हे मी चौतीस वर्षं दरजा बघितलेल्या डोळ्यांनी सांगतोय.

काम १८३६ मध्ये सुरू झालं. ठेकेदार पेशानं धर्मोपदेशकही होता. त्याचा हिशेब दिवसाला सात-आठ फुटांचा. प्रत्यक्षात खडक फुटत होता आठवड्याला दहा-बारा फूट. दोन वर्षांचं काम चौदा वर्षं चाललं. मधे मजुरांची देणी थकली, दंगे झाले, पैसे संपले, काम काही वर्षं बंदच पडलं, आणि ठेकेदार पुरता बुडाला. मी जावयांना म्हटलं, "सुधारित प्रशासकीय मान्यता." ते आयटीतले, त्यांना कळलं नाही. ज्यांना कळलं असेल त्यांना हसू का रडू झालं असेल.

याच बोगद्यातली एक गोष्ट सांगतात. आत एका वेळी एकच बोट जाऊ शकते. दोन बोटी समोरासमोर आल्या आणि मागं कुणी जायचं यावर दोघं नावाडी अडून बसले. एक दिवस, दोन दिवस. मागं बोटींची रांग लागली. शेवटी कंपनीच्या माणसानं वाऱ्याच्या तोंडाला मक्याची ताटं पेटवली आणि धूर आत सोडून दोघांना बाहेर काढलं. हे वाचून मला आमच्या शिवारातल्या किमान तीन भावकीच्या जोड्या आठवल्या. नावं घेत नाही, ते हे वाचतात.

बोगद्याला आणि पलीकडच्या गावाला नाव दिलंय एका फळावरून. टोपाथच्या कडेला त्याची झाडं जाळीच्या जाळी आहेत, लांबट मोठी पानं, सावलीत वाढलेली. खाली पडलेलं एक फळ जावयांनी हाताच्या चिमटीनं फोडून दिलं. हिरवट साल, आत पिवळा मऊ गर, चपट्या तपकिरी बिया. जीभ लावली आणि म्हटलं, हे तर सीताफळाचं काहीतरी लागतं. थोडं केळं, थोडा आंबा, पण मूळ धागा सीताफळाचा. नंतर लेकीनं शोधून सांगितलं की दोन्ही खरोखरच एकाच कुळातली आहेत. कुळाचं नावच सीताफळावरून आहे. आपलं सीताफळ उन्हातान्हात, खडकाळ माळावर, कुणी पाणी न घालता येतं. हे त्याचं भाऊबंद नदीकाठच्या सावलीत, आणि बाजारात म्हणे फारसं टिकतच नाही. मी चार खाल्ली. पोटानं तक्रार केली नाही.

तक्रार दुसऱ्याच झाडानं केली. सप्टेंबरअखेर टोपाथवर काळ्या अक्रोडाची हिरवी फळं पडतात, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडी लहान. वर बघत सायकल चालवणाऱ्या म्हाताऱ्यासाठीच ठेवल्यासारखी. पुढचं चाक एकावर चढलं आणि मी उजवीकडं, नदीच्या बाजूच्या उतारावर, झुडपात. सायकलला काही नाही, मला काही नाही, चेन तेवढी पडली. हात झटकून निघालो. दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत फोड. लेकीनं निघताना बजावलं होतं, "बाबा, तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावायचा नाही." मी हात लावला नव्हता, आख्खा त्यावर झोपलो होतो. व्हिडिओ कॉलवर हिनं बघितलं आणि एका क्षणात म्हणाली, "बिब्बा उतलाय तुम्हाला." मी म्हटलं, इथं कुठला बिब्बा? पण बाई बरोबर होती. ही विषारी वेल आणि आपला बिब्बा, दोन्ही आंब्या-काजूच्या कुळातले, आणि आग करणारा पदार्थही एकाच जातीचा. पुढचे चार दिवस रात्री खाजवत जागा होतो. त्यामुळं घुबडं पुष्कळ ऐकली.

हॅनकॉकपर्यंतचा आणि तिथून विल्यम्सपोर्टपर्यंतचा प्रवास पावसात झाला. चिखल, मोटेलच्या बाथरूममध्ये धुतलेले कपडे आणि जावयांचं एक पंक्चर यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. मुक्कामासाठी टोपाथवर दर पाच-सात मैलांवर मोकळ्या जागा आहेत, फुकट. हातपंप, एक टेबल, एक शौचकूप. पंपाच्या पाण्यात आयोडीन घालतात. त्याची चव आमच्या जुन्या सरकारी दवाखान्यातल्या बोळ्याच्या वासासारखी. चहात मात्र कळत नाही. दोन रात्री आम्ही तंबूत काढल्या, बाकी पाठीला विचारून.

चिखलात सायकल ढकलताना माझं लक्ष भरावाकडे होतं. कॅनॉलचं खरं दुखणं कुठल्याही देशात एकच, गळती. इथं आत चिकणमाती तुडवून अस्तर केलेलं, पण नदीकाठची जमीन चुनखडीची, खाली भोकं. शिवाय मस्करॅट नावाचा पाणउंदीर भरावात बिळं करायचा. कंपनी त्याला मारणाऱ्याला बक्षीस द्यायची. मला मोठं हसू आलं. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटून घरांत पाणी शिरलं, तेव्हाही घुशी, उंदीर आणि खेकडे यांचीच नावं पुढं आली होती. लोकांनी टिंगल केली. मीही केली. पण भरावावर नोकरी केलेल्या माणसानं खरं सांगायचं तर, बिळं असतात. प्रश्न बीळ कुणी केलं हा नसतो. ते बुजवायला शेवटचा माणूस कधी फिरकला, हा असतो. माझे वडील रोज फिरकायचे. लॉकपाशी राहणारा लॉककीपरही रोज फिरकत असणार. त्याला कंपनीचं छोटं घर, परसात भाजी लावायला जमीन आणि दिवसरात्र कधीही बोटीच्या शिंगाचा आवाज आला की उठायचं. कवाडं त्यानं उघडायची, बायकोनं उघडायची, पोरांनी उघडायची, पगार एकाचाच. ती घरं अजून उभी आहेत, पांढरी, दोन खिडक्यांची. आमच्या कॅनॉलवरच्या चौकीची आठवण आली नसती तर नवल.

विल्यम्सपोर्टला पाणी भरलेला कॅनॉल पुन्हा दिसला आणि त्याबरोबर दगडी जलसेतू. खालून ओढा, वरून कॅनॉल. १९२० मध्ये एका बोटीच्या धक्क्यानं याची एक भिंत कोसळली आणि बोट पाण्यासकट खाली ओढ्यात गेली. अलीकडे, २०१९ मध्ये, तो पुन्हा बांधून त्यात पाणी सोडलंय. असे ११ जलसेतू आहेत. सगळ्यांत देखणा मोनोकसी नदीवरचा, ५१६ फूट, सात कमानी, १८३३ मध्ये पुरा झालेला. यादवी युद्धात १८६२ साली दक्षिणेच्या सैन्यानं तो उडवायचा प्रयत्न केला. दगड इतका घट्ट की सुरुंगाला भोकं पडेनात, नाद सोडून गेले. मोऱ्या तर दीडशेच्या वर आहेत. मी प्रत्येक मोरीपाशी उतरून खाली वाकून बघतो हे कळल्यावर जावयांनी मला वेळापत्रकातून वगळलं आणि "पुढच्या पंपापाशी भेटू" म्हणून निघून जायला लागले. उत्तम माणूस आहे.

हार्पर्स फेरीला नदीचा संगम बघितला, ब्रन्सविकला रात्र काढली. पॉइंट ऑफ रॉक्सला डोंगर आणि नदी यांच्यामधे इतकी अरुंद पट्टी उरते की कॅनॉल आणि रेल्वे यांच्यात तिच्यासाठी चार वर्षं कोर्टकज्जा चालला. कोर्टात कॅनॉल जिंकला. पण गोष्ट पुढं ऐका. कॅनॉलची पहिली कुदळ मारली ती ४ जुलै १८२८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी. फावडं मुळाला अडलं, तेव्हा त्यांनी कोट काढून पुन्हा मारलं म्हणे. त्याच दिवशी तिकडे बाल्टिमोरला रेल्वेचाही पायाचा दगड बसला. रेल्वे कंबरलंडला पोचली १८४२ मध्ये, कॅनॉल पोचला १८५० मध्ये. नावातल्या ओहायो नदीपर्यंत तो कधी गेलाच नाही. १८८९ च्या पुरानंतर कॅनॉल दिवाळ्यात निघाला आणि त्याचा ताबा गेला त्याच रेल्वेकडे. १९२४ च्या पुरानंतर बोटी कायमच्या थांबल्या. उद्घाटनाच्या दिवशीच हरलेलं काम, आणि तरी शंभर वर्षांपैकी प्रत्येक वर्षी कुणीतरी त्याची बिळं बुजवत होतं.

पाचव्या दिवशी सेनेकापाशी आलो. तिथून लेकीचं घर गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर. मी म्हटलं, मुक्काम घरी. जावई म्हणाले, "बाबा, हे चीटिंग आहे." मी म्हटलं, आमच्या खात्यात याला मुख्यालयी परतणे म्हणतात. गरम पाणी, पिठलं-भाकरी, हातावर खोबरेल. सकाळी बरोबर त्याच लॉकपासून पुन्हा सुरुवात केली, एक फूटही न सोडता. नोंद असावी.

शेवटच्या टप्प्यात कॅनॉलमध्ये पाणी आहे, माणसं आहेत, ग्रेट फॉल्सला नदी कातळांवरून आदळत असते. इथं येईपर्यंत मला एक प्रश्न छळत होता. पाणी नाही, बोटी नाहीत, मग ही वाट अजून अशी कशी राहिली? आमच्याकडे कधीच तिचा रस्ता झाला असता. तर इथंही होणारच होता. कॅनॉल १९३८ मध्ये सरकारनं रेल्वेकडून विकत घेतला होता आणि १९५० च्या दशकात त्यावरून मोटाररस्ता न्यायचं चाललं होतं. वॉशिंग्टन पोस्टनं त्याच्या बाजूनं अग्रलेख लिहिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी पेपरला पत्र पाठवलं: संपादकांनी माझ्याबरोबर ही वाट पायी चालावी आणि मग लिहावं. संपादक खरंच आले. मार्च १९५४ मध्ये मंडळी कंबरलंडहून निघाली. शेवटपर्यंत पायी पोचले नऊ जण. डग्लस त्यांत होते, वय ५५. पेपरनं आपलं मत बदललं, रस्ता रद्द झाला आणि १९७१ मध्ये सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान झाला. मला यात सगळ्यांत विशेष काय वाटलं सांगू? न्यायमूर्तींनी कोर्टाचा आदेश काढला नाही. साहेबांना साइटवर नेलं. मीही चौतीस वर्षं तेच करायचा प्रयत्न केला. साहेब बंगल्यावरच चहा पिऊन परत जायचे.

जॉर्जटाउनमध्ये शून्याचा खांब सापडायला अर्धा तास लागला. एका बोटक्लबच्या मागं, गवतात, पार्किंगच्या पलीकडे. शेजारी शेवटचं लॉक, त्यातून कॅनॉल नदीला मिळायचा. टेलच म्हणायचं. तिथं मी आणि जावई उरलेली शेवटची दशमी खात बसलो. दुपारचे बारा, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ. धाकट्या भावाला फोन लावला.

"दादा, पोचला व्हय?"

"पोचलो. तीनशे किलोमीटर."

"कॅनॉलच्या कडंनं?"

"कॅनॉलच्याच."

"किती एकर भिजतंय त्याच्यावर?"

"एकबी नाही. बोटींसाठी होता. शेताला थेंब दिला नाही कधी."

पलीकडे जरा वेळ शांतता. मागं बेडकांचा आवाज येत होता आणि पाण्याचाही.

"मग आण्णासारखा माणूस ठेवला व्हता का त्येच्यावर?"

"होता की. दर लॉकला एक."

"बरं झालं," तो म्हणाला. "ठेवतो आता. रातची पाळी आलीया, दारं धराय निघालोय."